आठ सोनेरी, एक काळा आणि मिशीवाला

डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, आता बाळ होईपर्यंत पलंग सोडायचा नाही, उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. चौथा महिना संपत आला होता. आधी दोनदा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे मी हुज्जत घातली नाही. एरवी हुज्जत घातल्याशिवाय मी मेथीची जुडीसुद्धा घेत नाही.

कूलर पुढच्या खोलीत होता म्हणून पलंग तिथं आला. पायाकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा लावल्या. डोकं खाली, पाय वर, आणि समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि घड्याळ. मी नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी कागद उलगडून किती उगवले ते मोजायचं. मोजायची सवय हाडात मुरलेली. पडल्या पडल्या मी घड्याळाचे ठोके मोजायला लागले, तेव्हा नवरा घाबरला आणि माझं मन रमावं म्हणून काचेची टाकी घेऊन आला.

दुकानदाराने ह्यांना ठरलेला सेटच दिला होता: आठ सोनेरी मासे, एक काळा. "वास्तूला चांगलं असतंय म्हणे," हे हसत म्हणाले. "घरावर काही आलं तर मासा सोतावर घेतो अन् मरतो." वर आणखी एक बोटाएवढा मासा दिला होता, पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट लाल, तोंडाला लांब मिशा. तळातली घाण साफ करतो म्हणून. तो तळाशी दगडाला टेकून बसायचा, आल्या-गेल्याकडे बघत, पारावरच्या म्हाताऱ्यासारखा. आम्ही त्याला मिशीवाला म्हणायला लागलो.

वास्तूचं ऐकून सासूबाईंनी फक्त "हूं" केलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, पक्क्या बौद्ध. ह्यांच्या नव्या मोटारसायकलला शोरूमवाल्याने लिंबू-मिरच्या बांधल्या, तर त्यांनी त्या तिथंच तोडल्या, पर्समध्ये टाकल्या आणि संध्याकाळी वरणाला त्याच मिरच्यांची फोडणी दिली. आमच्या घरात अंधश्रद्धेची एवढीच वासलात लागायची.

पाचवा महिना लागला. मागच्या दोन्ही वेळी ज्या आठवड्यात घात झाला, तोच आठवडा. मंगळवारी सकाळी मी मासे मोजले तर सोनेरी सातच. ह्यांनी टाकीमागे पाहिलं, फरशी पाहिली. मासा कुठंच नव्हता. मला जे रडू फुटलं ते थांबेना. माशासाठी रडत नव्हते हे सगळ्यांनाच कळत होतं.

सासूबाई कणकेच्या हातांनीच आल्या, पलंगावर टेकल्या. "रडू नको. गेला ना मासा? मंग जे काय यायचं होतं ते घेऊन गेला. आता काई होत न्हाई बघ."

त्यांच्या तोंडून हे ऐकून मी रडायची थांबलेच. आणि तो आठवडा खरंच सुखरूप गेला.

पंधरा दिवसांनी आणखी एक गेला. मग आणखी एक. प्रत्येक वेळी मला दोन-चार दिवस शांत झोप लागायची. आणि एका दुपारी लाइट गेली. उन्हासाठी पडदे ओढलेले, खोलीत अंधार, टाकीतला पंप बंद. पाण्यात धपकन आवाज आला. मी मोबाइलची बॅटरी लावली. मिशीवाला तळाशी नेहमीसारखा बसला होता, पण त्याच्या तोंडातून सोनेरी शेपूट बाहेर आलं होतं, आणि ते अजून हलत होतं.

कोणी कोणाचं संकट घेऊन गेलं नव्हतं. एक दुसऱ्याला गिळत होता, बस. मी बाई शिकलेली, बीएस्सी. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. संध्याकाळी हे आले तेव्हा मी सांगितलंही.

"च्यायला! घाण साफ करतो म्हणला अन् घरच साफ करून राह्यला की," हे म्हणाले. "उद्या बादलीत घालून दुकानात देऊन येतो वापस."

आणि मी म्हणाले, "राहू द्या."

का म्हणाले ते तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. मासे जात होते आणि बाळ राहत होतं. कसे जात होते याच्याशी मला काय करायचं होतं? कोणीतरी संकट उचलून नेतंय, मग ते मिशीवाल्याच्या पोटातून का जाईना. त्याला घराबाहेर काढलं आणि उद्या पोटात कळ आली तर? मला माझी लाज वाटत होती, पण भीतीपुढे लाजेचं काही चालत नाही.

ह्यांना वाटलं, मला त्याचा लळा लागलाय. मग त्यांनी आपला उपाय काढला. पोट भरलेलं असलं तर तो दुसऱ्याला हात लावणार नाही, म्हणून रोज मिलमधल्या कामावरून येताना चिकनचे बारीक तुकडे आणायला लागले. मिशीवाला ते खायचा, आणि वाढायचा. खायला घातलं तर तोंड मोठं व्हायचं, नाही घातलं तर त्या तोंडात मासे जायचे. सहाव्या महिन्यात तो माझ्या वीतभर झाला. वळायचा तेव्हा शेपूट काचेवर आपटायचं आणि माझ्या पोटात बाळ दचकायचं, निदान मला तसं वाटायचं.

मी मोजत होते. सोनेरी चार, बाकी आठवडे सोळा. सोनेरी तीन, आठवडे बारा. गणित कुठूनही जुळत नव्हतं. मासे आधी संपणार आणि दिवस उरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सातव्या महिन्यात शेवटचा सोनेरी गेला आणि काळा एकटा उरला. तो फुगीर, गोल, घशात न मावणारा. पण मिशीवाल्याने एकदा प्रयत्न केला होता, त्यात काळ्याच्या शेपटीचा डावीकडचा तुकडा गेला होता. मी ह्यांना म्हणाले, "टाकी ओकीबोकी दिसते, आणखी सात-आठ सोनेरी आणा ना."

सासूबाई चादर बदलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"काहून?" त्यांनी विचारलं. हे बाहेर जाईपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "दोन महिने बघून राह्यले. ओठ हालतेत तुझे. वर्गात पोरं बोटं लपवून मोजायची, त्यांचे असेच हालायचे. काय मोजती?"

मी सगळं सांगून टाकलं. लाइट गेली ती दुपार, ते शेपूट, "राहू द्या" म्हणाले ते, आठवडे, सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"माझीच चूक," त्या म्हणाल्या. "लेकरू पडलं की आपण जमिनीला चापट मारतो ना, हात रे म्हणून? तसं बोलले ग मी. जमिनीला मारून गुडघा बरा होतो व्हय? रडायचं थांबावं एवढंच असतं ते. तू तर धरूनच बसली."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हुकमाने मिशीवाला निघाला. तळ्यात सोडू असं हे म्हणत होते, तर सासूबाईंनी झापलं, "अन् तिथल्या माशांनी काय वाईट केलं तुझं?" शेवटी ह्यांच्या मिलमधल्या एका मिस्त्रीच्या मळ्यात सिमेंटचा हौद होता, त्यात दुसरे मासे नव्हते. रंगाच्या मोठ्या डब्यात घालून त्याला नेला. डब्यातून त्याने कुरकुर केली, खरंच आवाज केला, आणि माझा हात आपोआप पोटावर गेला.

मग पाच आठवडे त्या टाकीत एकटा काळा मासा आणि समोर मी. आता मोजायला एकच होता. तो पाण्यावर आला की माझा श्वास अडकायचा, तळाशी बसला की अडकायचा. पलंग फिरवा असं मी म्हणाले, तर सासूबाईंनी ऐकलं नाही. "बघ त्याच्याकडं. त्याला काई माहीत न्हाई तुझं. तो आपला फिरून राह्यला." मी बघायची, आणि तुटक्या शेपटीनेही तो कसा सरळ पोहतो याचं नवल करायची.

आठवा महिना संपता संपता एका सकाळी अंगावरून पाणी गेलं. रिक्षाने दवाखाना गाठला. मुलगी झाली, दोन किलोच्या आतली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पुन्हा मी काचेसमोर. पाचव्या दिवशी तिचा श्वास अडखळला. सिस्टर धावल्या, मला बाहेर काढलं. दुपारपर्यंत दार बंदच. मग श्वास सुरळीत झाला, आणि त्यानंतर पुन्हा कधी अडखळला नाही.

रोज सासूबाई डबा घेऊन यायच्या. रोज मी विचारायचे, "मासा?"

"बराय. खाऊन राह्यला," त्या म्हणायच्या. रोज तेच शब्द.

तेराव्या दिवशी आम्ही घरी आलो. पलंगाखालच्या विटा निघाल्या होत्या. टाकी घासूनपुसून लख्ख, आणि त्यात काळा मासा, गोल, फुगीर, झोकात फिरत होता. त्याचं शेपूट अख्खं होतं.

मी वळून पाहिलं. सासूबाई मुलीला छातीशी धरून दारात उभ्या होत्या. त्यांचं लक्ष माशाकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं.

"बराय ना?" त्यांनी विचारलं.

"बराय," मी म्हणाले.

मुलगी आता चार वर्षांची आहे. सकाळी आजीच्या कडेवर बसून ती माशाला दाणे टाकते. पहिला काळा मासा नेमका कोणत्या दिवशी मेला, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर आता त्या खरं सांगतील, याची मला भीती वाटते.