कॅरियरवरून आलेला डबा

मी जात्याच भित्री. विहिरीत वाकून पाहायची नाही, बैलगाडी उताराला लागली की खाली उतरून चालायची. तेव्हा लेकीने सायकलसाठी कर्ज काढल्याचं कळल्यावर मी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाही.

ती चिखलीच्या शाळेत शिकवायची आणि आम्ही राहायचो चिंचवडला. मधे बस नव्हती, रोज जाऊन-येऊन तीन तासांची पायपीट. शिक्षकांच्या पतपेढीत तिने अर्ज केला. जामीन म्हणून वडिलांची सही लागत होती, ती यांनी माझ्या नकळत देऊन टाकली आणि वर मलाच ऐकवलं, "पगार तिचा, कर्ज तिचं, पाय तिचे. तू का दमतेस?" पुण्याहून हिरवी लेडीज सायकल आली. सायकलवरची बाई बघायला तेव्हा पोरंसोरं मागे धावायची, पण मला लोकांचं काही नव्हतं. मला ती मरेल असं वाटायचं. ट्रकखाली, ओढ्यात, कुत्रं आडवं येऊन, कशीही. चार महिने रोज संध्याकाळी मी दारात उभी असायची आणि ती सुखरूप आली की तिच्यावरच खेकसायची. सायकल विकून टाक, एवढंच माझं म्हणणं होतं.

श्रावणातल्या एका शनिवारी ती सकाळची शाळा करून आली, तर कॅरियरला पत्र्याचा एक डबा बांधलेला. ओढ्यापलीकडे रस्त्यात पडला होता म्हणाली. आत लाकडाचा भुसा आणि भुशात तांब्याच्या बारीक नळ्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, एका तोंडाला बंद. आजूबाजूला कारखाने उभे राहत होते, रोज गाड्या भरभरून सामान जायचं. त्यातलंच काहीतरी असणार असं आम्ही दोघींनी ठरवलं.

"सोमवारी वर्गात विचारते," ती म्हणाली. "मुलांच्या घरचं कोणी ना कोणी कामावर आहेच. कोणाचा तरी जीव टांगणीला लागला असेल."

नळीत काय असतं ते बघायला मी एक उचलली आणि भुसा झटकायला चुलीच्या कडेवर दोनदा टकटक आपटली. मग परत डब्यात ठेवली. दुसऱ्याची वस्तू, सर्दावली तर आपल्याला बोल नको, म्हणून डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला. काडेपेटी, मीठ, पापड, जे जे कोरडं राहायला हवं ते पावसाळ्यात तिथेच असायचं. त्या डब्याखाली मी शनिवारी रात्रीचा स्वयंपाक केला आणि रविवारी सकाळी भाकऱ्या थापल्या.

हे त्या आठवड्यात गावी गेले होते. रविवारी दहाच्या सुमारास पाट्याला टाकी लावणारी बाई आली. तिची माणसं ओढ्यापलीकडच्या खाणीवर दगड फोडायची. तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून छिन्नी-हातोडी काढली, पाट्यावर चार ठोके घातले, ठिणग्या उडाल्या. मी तिला द्यायला फळीवरचं मीठ काढत होते, तेवढ्यात तिची नजर डब्यावर गेली. हातोडी तशीच थांबली.

"बाय, ह्यो डबा कुटनं आनला?"

मी सांगितलं. ती उठली, लांबूनच मान उंच करून तिने नीट बघितलं. "आधी इस्तू इजव. सुरुंगाच्या टोप्या हायती त्या. खालचा बार उडायच्या आधी ह्या उडत्यात. येक उडली तर हात जातो. डबा उडला तर घर न्हाई ऱ्हायाचं."

मी चुलीतली लाकडं ओढून अंगणात नेली, निखाऱ्यांवर राख लोटली. मी टकटक केलेली ती चुलीची कड माझ्या डोळ्यांसमोरच होती. बाई सांगत होती की सुरुंग लावणाऱ्या माणसाचा डबा परवा हरवलाय, त्याला खाणीवर बसवून ठेवलंय, हलू देत नाहीत, आणि आज दिवेलागणीच्या आत टोप्या मिळाल्या नाहीत तर पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत. डबा नेतेस का म्हणून विचारलं तर तिने सरळ सांगितलं, "म्या न्हाई हात लावायची. माजी ल्हान पोर हाय." तिचं काही चुकलं नाही.

लेक शांतपणे म्हणाली, "मी आणला, मीच नेते. सायकलवर पाव तासात पोचेन."

"खबरदार," मी म्हणाले. त्या रस्त्यावर नुसती रिकामी सायकल नेली तरी घंटी आपोआप वाजायची. हातात धरून न्यावा, तर माझे हात इतके कापत होते की तांब्यातलं पाणी सांडलं असतं. घरात ठेवून निरोप पाठवावा, तर तो माणूस येऊ शकत नव्हता, आणि आळीतली पोरं दिवसभर आमच्याच घरातून ये-जा करायची.

मग मी जुन्या लुगड्याची चुंबळ केली. ओढ्यावरून डोक्यावर दोन-दोन घागरी आणण्यात माझी निम्मी जिंदगी गेलेली. हात कापतात, पाय लटपटतात, पण घागरींखाली माझी मान कधी हलली नव्हती. श्वास धरून मी डबा फळीवरून उतरवला आणि डोक्यावर ठेवला. लेकीला सांगितलं, "तू पन्नास पावलं पुढे चाल. समोरून गाडी आली तर थांबव. मागे वळून माझ्याजवळ यायचं नाही, काही झालं तरी."

ती सायकल हातात धरून पुढे चालली. दीड मैल असेल तो रस्ता. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, ओठ हलले तर मान हलेल असं वाटत होतं. ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ होतं. एका दगडावर माझा पाय सरकला, मान जागेवर राहिली, आणि डब्यात भुसा सरकल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. ती माझ्या जिवाची नव्हती. पन्नास पावलं पुरतात की नाही हे मला माहीत नव्हतं.

खाणीवर एका झाडाखाली तो माणूस गुडघ्यात डोकं घालून बसला होता. डबा दिसताच उठला, हात पुढे करून सावकाश आला. "वाकू नका बाय. मी उतरवतो." भुसा बाजूला करून त्याने एकेक टोपी मोजली, मग पुन्हा मोजली. सगळ्या होत्या. त्याचे डोळे भरून आले. त्याने लेकीला विचारलं, "ताई, तुमी ह्यो घरी कसा न्येला?"

"सायकलला बांधून," ती म्हणाली.

"ह्या रस्त्यानं?" एवढंच म्हणून तो मटकन खाली बसला.

परतताना लेक सायकल हातात धरूनच चालली. ओढ्याशी आल्यावर मी म्हटलं, "बस आता सायकलवर, जा पुढे." तिने हँडल घट्ट धरलेलं, बोटं पांढरी पडलेली. "आई, मला नाही बसवत," ती म्हणाली. "मी सायकल विकून टाकते. फिटेल कर्ज हळूहळू. मी चालत जात जाईन."

चार महिने मी हेच ऐकायला टपले होते. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे माझीच भीती उतरलेली. चिखलीपर्यंत एकटी जाणारी माझी पोर ओढ्याकाठी उभी राहून माझ्यासारखी कापत होती, आणि ते मला सहन होईना. मला माझाच राग आला.

"बस म्हणते ना," मी खेकसले. "मी सीट धरते."

सायकल कशी धरायची ते मला कुठे ठाऊक. मी मागून दोन्ही हातांनी सीट धरली आणि लुगडं सावरत धावले. ती दोनदा डगमगली. मग पॅडलला तिचा पाय लागला आणि सीट माझ्या हातातून सुटली. वळणाआड ती दिसेनाशी झाली, समोरून ट्रकचा आवाज आला, आणि मी अनवाणी त्या दिशेने धावत सुटले.