मामाजींचं कॅन्टीन कार्ड

माझे सासरे गेले त्या दिवशी ब्राह्मणपाऱ्यातली अर्धी दुकानं दुपारपर्यंत उघडली नाहीत. नव्वदी ओलांडलेला म्हातारा, आणि त्याच्यासाठी चांगले मिशाळ गडी ढसाढसा रडत होते. त्यांतले आजोबांसाठी किती आणि रमसाठी किती, याचा अंदाज मला तेव्हाच आला होता. तोंडाला पदर लावला होता तो त्यासाठीच. हसू दिसायला नको.

अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, त्यांना आजोबा म्हणायचा. मी मामाजी म्हणायचे, आणि मनात आणखी बरंच काही म्हणायचे. तरुणपणी फौजेत ट्रक चालवला, महायुद्धात ब्रह्मदेशच्या सीमेपर्यंत जाऊन आले, मग रेल्वेत नोकरी, मग पेन्शन, आणि मग समोरच्या खोलीतली वेताची खुर्ची. त्यांच्या लढाईच्या गोष्टी सासूबाई ऐकायच्या, सुपारी कातरत. त्या गेल्या तेव्हा घरातलं सगळं मी हातात घेतलं. गोष्टी ऐकायचं काम तेवढं घेतलं नाही.

जुने फौजी म्हणून त्यांच्याकडे लष्कराच्या स्वस्त कॅन्टीनचं कार्ड होतं. महिन्यातून एकदा ब्लेझर चढवून, बूट चमकवून सायकलरिक्षाने जायचे. येताना साबण, चहा आणि आपल्या कोट्याच्या रमच्या बाटल्या. स्वतः थेंब घेत नसत. पाऱ्यातल्या लोकांना मूळ किमतीत देऊन टाकायचे.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमच्या गल्लीत माणसंच माणसं झाली. बाबू, ठेकेदार, ठेकेदारांचे मेहुणे. प्रत्येकाला कुठला ना कुठला साहेब खूश करायचा होता, आणि साहेब लोकांत फौजी रमला भारी मान. संध्याकाळी समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. "दादाजी, पाँव पड़ता हूँ," म्हणत एकेक आत शिरायचा आणि आतल्या दिशेने हुकूम सुटायचा, "सूनबाई, चहा ठेव."

मी तेव्हा महिला मंडळाची ताजी ताजी अध्यक्ष. मान अशी ताठ की बुचडा सैल व्हायचा. हळदीकुंकवाला दारूबंदीवर भाषण ठोकलं. माईक बंद होता, हे मला कुणी शेवटपर्यंत सांगितलं नाही. बायका टाळ्या वाजवत होत्या, म्हणजे भाषण संपल्याच्या आनंदात. अशी ही थोर समाजसेविका घरी परतते, तर दारातच एक ठेकेदार. हातातली पिशवी कपाळाला लावून म्हणतो, "भाभीजी, आप ही के घर का प्रसाद है."

मी तशीच आत गेले, चार माणसांदेखत मामाजींच्या ब्लेझरमधून कार्ड काढलं आणि चाव्यांच्या जुडग्यासोबत कमरेला खोचलं.

"हे आता माझ्यापाशी राहील. हे घर आहे, भट्टी नाही."

"त्या कार्डावर फोटो कोणाचा आहे?" मामाजी म्हणाले.

"तुमचाच. म्हणून तर जपून ठेवून राहिली."

नवऱ्याने पेपर डोळ्यांच्या वर नेला. आम्हा दोघांच्या भांडणात त्यांनी आयुष्यभर फक्त पेपर वाचला.

पुढच्या महिन्यात लोक आले. "दादाजी, इस बार?" असं विचारलं की मामाजी माझ्याकडे बोट दाखवायचे. लोक चहा पिऊन उठायचे. त्याच्या पुढच्या महिन्यात कोणी आलंच नाही. तो प्रसादवाला ठेकेदार आमच्या दारावरून स्कूटरने जाताना गल्लीपलीकडच्या भिंतीकडे इतका निरखून बघायचा की मला वाटलं, भिंत विकत घेतो की काय.

मी एवढी खूश की एका आठवड्यात दोनदा शिरा केला. वाटी त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, "बघा मामाजी, कोण येऊन राहिलं? हेच ना तुमचे लाडके?"

ते चमच्याने शिरा उलटापालटा करत होते. "तुले काय वाटते, मले माहीत नव्हतं? पहिले चहा, मग लढाई, मग बाटली. लढाई संपल्याबिगर बाटली खुर्चीखालून काढतच नव्हतो मी. बसते माणूस घंटाभर."

"म्हणजे लाच देत होते तुम्ही."

"हव. तू फुकटात ऐकशील का?"

आता अध्यक्षबाई मागे कशी हटणार? "ऐकते की, त्यात काय एवढं," म्हणून मी स्टूल ओढलं.

तोवर ती गोष्ट मी दाराआडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. अख्खी ऐकली आणि सासूबाईंबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. आधी ट्रकचे टायर, मग हवालदाराच्या सवयी, मग इंजिनाचे सगळे आजार. ट्रक नदीशी पोचेपर्यंत माझी कणीक सुकली. ट्रक पाण्याच्या टाकीचा. पूल पुरात वाहून गेलेला, पलटण पलीकडे, आणि यांना हुकूम, पाणी सांभाळा. वरून पाऊस, समोर पूर, आणि हे मधे उभे, पाण्याची राखण करत. एकही गोळी झाडली नाही. संपलं म्हणून मी उठले, तर म्हणाले, "बस, हा तर नुसता एक दिवस झाला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर परीक्षा. "काल सांगतलं ना, कोणता टायर बसला होता? विसरली? मग पहिल्यापासून सांगतो."

आठवडा संपायच्या आत मी कमरेचं कार्ड काढून त्यांच्या हातावर आपटलं. "जा. घेऊन या तुमच्या बाटल्या."

"काहून? दारूबंदी उठली?"

"तुमची लढाई आवरा आधी."

त्यांनी कार्ड खिशात टाकलं आणि तिथेच बसून बुटांना पॉलिश करायला घेतलं. मंडळात मी त्यानंतर स्वच्छतेवर बोलू लागले.

लोक परत आले, पाया पडू लागले, चहाचे हुकूम सुटू लागले. मामाजी मात्र थकत गेले. एका संध्याकाळी गोष्ट सांगता सांगता टायरवरून थेट पलीकडच्या काठाला पोचले. ठेकेदाराला लॉटरीच लागली. "वाह दादाजी," म्हणत त्याने खुर्चीखालच्या बाटलीला हात घातला. मामाजी गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले.

मी पळी घेऊनच बाहेर आले. "ठेवा ती खाली. मामाजी, हवालदार राहिला. आणि पूल अजून पडायचाय."

"हव की," मामाजी म्हणाले, "हवालदार राहिला."

ठेकेदार मुकाट्याने परत बसला. त्याला त्या दिवशी मी चहा दिला नाही.