उपाशी पोटी हिरवा चहा

पूर्णा जंक्शनवर मी मालधक्क्याचा कारकून होतो तेव्हाची गोष्ट. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. वडील वारलेले. घरात माय, लग्नाची बहीण, आणि कर्ता पुरुष मी. यावरून घराची दशा ओळखावी.

आमच्याकडे अमृतसरकडचा एक तारबाबू बदलून आला होता. जेवण झालं की तो डब्यातून हिरवट पानांची चिमूट काढायचा, कढत पाण्यात टाकून झाकायचा आणि गाळून प्यायचा. दूध नाही, साखर नाही. पन्नाशीचा माणूस, पोट सपाट. जेवण जड होत नाही, ड्युटीवर डुलकी येत नाही, असं सांगायचा. मी पंधरा दिवस पिऊन पाहिला. खरंच हलकं वाटलं. माझ्यासारख्याला एक गोष्ट खरी सापडली की तो लगेच दुसऱ्याचं कल्याण करायला निघतो.

बहीण अंगानं भरलेली होती. कुणाची तक्रार नव्हती. राणीसावरगावचं स्थळ आलं होतं. त्या मुलाला तिनं एका लग्नात पंगत वाढताना पाहिलं होतं, आणि त्याचा विषय निघाला की ती उगाच चुलीतली लाकडं सारायची. दुसरं काही तिनं कधी मागितल्याचं मला आठवत नाही. हे जमायलाच पाहिजे, असं मीही ठरवलं. आणि त्यासाठी तिला मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईसारखी बारीक करायला घेतली. पाहुणे सुगीनंतर यायचे होते. हातात तीन महिने होते.

तारबाबू चिमूटभर घालायचा, मी मूठभर घातला. तो नुसता झाकून ठेवायचा, मी आपल्या चहासारखा खळाखळा उकळला. दिवसातून तीनदा, सकाळचा उपाशी पोटी. रात्रीची भाकरी बंद.

"दादा, पोटात आग पडायलीय," ती म्हणायची.

"चरबी जळायलीय," मी म्हणायचो.

दुसऱ्या महिन्यात तिची झोप गेली. उठताना भिंत धरायला लागली. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "रक्त कमी झालंय. जेवणासंगं असला कडक चहा दिला तर खाल्लेलं अंगी लागत न्हाई. बंद करा." मी त्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि त्याचं मत बाद केलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. माय आत बहिणीची वेणी घालत होती, म्हणून चहा मी ठेवला. पातेलंभर दूध आणलेलं होतं. पण सोयरिक व्हायची आहे तर चांगली सवय पहिल्याच दिवशी लावावी, म्हणून हिरवाच केला.

बहिणीनं तबक घेतलं. "दादा, दूध?"

"दुधानं गुण जातो. चल."

आमच्याकडे बिनदुधाचा चहा पाहुण्याला एकाच घरी मिळतो. माणूस स्मशानात पोचवून आल्यावर त्या घरची चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी कोरा चहा करून आणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वडिलांच्या वेळी मीच दोन कप प्यालो होतो.

आत्यानं कपात पाहिलं, कप खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"कवा झालं?"

"काय?"

"कोण गेलं घरातलं?"

मी हसलो. हसून गुण सांगायला लागलो. पचन, तरतरी, मग चरबी. "पोट लय उतरतंय," म्हणताना माझी नजर मुलाच्या वडिलांच्या पोटावर होती.

"माझ्या पोटानं तुमचं काय खाल्लंय?" ते म्हणाले.

बहिणीनं तबक खाली ठेवलं आणि भिंत धरली. आत्यानं तिचा दुसरा हात ओढून नखं पाहिली. पांढरीफटक. "पोरगी आजारी हाय का?"

"न्हाई न्हाई," मी अभिमानानं म्हणालो, "तीन महिने खपून मीच उतरवलीय तिला."

मुलानं एकदा बहिणीकडं पाहिलं, एकदा बापाकडं. बाप उठला. मग तोही उठला.

आठवड्यात पोस्टकार्ड आलं: पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

माय म्हणाली, "तुझ्या बापाच्या दहाव्याला बी एवढा कोरा च्या झाला नव्हता." तारबाबूला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "खाने के बाद बोला था मैं. खाने की जगह नहीं."

दूध-भाकरीवर दोन-तीन महिन्यांत बहिणीच्या तोंडावर रंग आला, पण 'त्या घरी पोरीला क्षय हाय' ही बातमी तोवर गंगाखेड तालुका फिरून आली होती. पुढच्या साली ती चारठाण्याला दिली. बिजवर, दोन लेकरांचा.

पाठवणीच्या वेळी ती मायच्या गळ्यात पडून रडली, शेजारणीच्या पडली, पाणी भरणाऱ्या म्हातारीच्याही पडली. मी डोळे पुसत रांगेत उभाच होतो.

"भावाच्या बी पड की गळ्यात," माय म्हणाली.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नको माय, त्याला माझं वजन झेपायचं न्हाई," म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.