आपट्याची पोपटी आणि आईंची सविस्तर प्रार्थना

शनिवारी सकाळी सासूबाई चपला घालूनच दारात उभ्या. "मी आपट्याला चालले. येतेस, की एकटीच जाऊ?" माझा पहिला चहासुद्धा संपला नव्हता. पण आई एकट्या निघाल्या की वाटेत भेटेल त्याची विचारपूस करतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत पळस्पे फाटासुद्धा ओलांडणं कठीण. निघाले मुकाट्याने.

आपट्यालाच का, ते आधी सांगते. (ज्यांची ही गोष्ट, त्या मार्थामावशींना हे सगळं वाचून दाखवलंय आणि नावं बदलली आहेत, तेव्हा ओळखीच्यांनी उगाच अंदाज बांधू नयेत.) पनवेलची आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहानशी. दर बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. आई तिथे कायम दुसऱ्यांसाठीच मागतात, स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना कधी ऐकलेलं नाही. पण मागतात मात्र अगदी तपशीलवार. "प्रभू, दुसरा मजला, लिफ्टच्या डावीकडे, खिडकीजवळची खाट." देवाला उगाच हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर ताटकळायला नको ना! आम्ही गालातल्या गालात हसतो. अर्थात दुसऱ्या दिवशी त्या खाटेपर्यंत मऊ भाताचा डबाही आईच पोचवतात, म्हणून कुणाची बोलायची टाप नाही.

याच तपशिलाने डिसेंबरात घात केला. मार्थामावशी ही आईंची लग्न होऊन पनवेलला आल्यापासूनची मैत्रीण. सून भांडून माहेरी गेल्याचं मावशींनी फक्त आईंच्या कानावर घातलं होतं. बुधवारी आईंनी डोळे मिटले आणि भर सभेत देवाला सगळं सांगितलं. कोण गेलं, कशावरून गेलं, कोण काय बोललं. समोरच सुनेची सख्खी आत्या बसलेली! रात्रीपर्यंत दोन्ही घरांत नुसता आगडोंब. दुसऱ्या दिवशी मावशींच्या फ्लॅटला कुलूप आणि मावशी आपट्याला बहिणीकडे. आईंचा फोन त्या उचलेनात. चर्चमध्ये आईंच्या शेजारची खुर्ची रविवारमागून रविवार रिकामी राहिली. आईंचं जेवण निम्म्यावर आलं. मैत्रीण कायमची तुटते की काय, ही धास्ती त्यांनी घेतली होती आणि खरं सांगायचं तर मीही.

तर प्रवास. पनवेल स्टँडवरून आपट्याकडे एसटी मिळते, पण मोजक्याच असतात, चौकशी करूनच निघा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आम्ही दोघी एका तिकिटात. पळस्प्यापर्यंत ट्रॅफिकने जीव नको होतो. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसला की डोळे निवतात. सकाळी लवकर निघालात तर अभयारण्यात पक्षी बघत दोन तास मजेत जातील. आमच्याकडे तेवढी सवड नव्हती. कंडक्टरच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी आहे, हे आईंनी कर्नाळा यायच्या आत काढून घेतलं आणि तिथेच डोळे मिटून सुरुवात केली. कोणता डोळा, कोणता डॉक्टर, सगळं आलं. अख्खी बस ऐकत होती. कंडक्टरने मात्र मनापासून हात जोडले.

उतरलो तिथून मावशींच्या बहिणीकडे, लीलाताईंकडे जायला रिक्षा. त्या इथल्या शाळेतून रिटायर झालेल्या. आई रिक्षावाल्याला घराच्या खुणा सांगायला लागल्या तसा तो म्हणाला, "आजी, तुमी बसा. मना घर ठाव हाय."  डावीकडे पाताळगंगा दिसते, थंडीत वाऱ्याला मस्त गारवा असतो. स्टेशनही चुकवू नका. हिंदी सिनेमात असतं ना, तसलं चिमुकलं, झाडीतलं.

लीलाताईंच्या अंगणात पोपटीची तयारी चालली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा लावलेलं चिकन. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पुन्हा पाला गच्च बसवायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. थंडीत रायगडात येऊन पोपटी न खाता परत जाणाऱ्यांची मला कीव येते.

मार्थामावशी शेंगा धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. लीलाताईंनी पाणी दिलं, मी थंडीबद्दल काहीबाही बडबडले. मग आई सरळ त्यांच्यासमोर खाली बसल्या, गुडघे दुखत असताना.

"मार्था, चुकलं माझं."

"तू देवाला सांगत होतीस शांता, की बायकांना?"

"मला वाटलं, जास्त जण प्रार्थना करतील."

"जास्त जणांना सांगायचं असतं, तर मीच नसतं का सांगितलं?"

 आई रडायला लागल्या. मला इतकं वाईट वाटलं की उठून आत जावंसं वाटलं. आणि तेवढ्यात, सवय जाईल कुठे, आईंनी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाल्या, "हे प्रभू..." आता संपलंच, म्हटलं!

मावशींनी भांबुर्ड्याची जुडी उचलून आईंच्या मांडीवर टाकली. "हा पाला मडक्याच्या तोंडाला लाव. उरला तर तुझ्या तोंडाला."

आधी लीलाताई फिसकन हसल्या. मग मी. मग आई, रडता रडताच. मावशी हसल्या नाहीत, पण पुढे सरकून पाला दाबायला बसल्या, आईंच्या हाताला हात लावून. "प्रार्थना थांबवू नकोस," हळूच म्हणाल्या. "तुझीच तर हवी आहे मला. फक्त सगळं सांगत बसू नकोस त्याला."

मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे पोपटी तयार. शेंगा इतक्या गोड होत्या की अर्धा तास कुणी बोललं नाही. निघताना आईंनी विचारलं, पुढच्या रविवारी येशील का? मावशी "बघू" म्हणाल्या. तेवढंच.

परतीला आम्ही आपट्याहून गाडी धरली. गाड्या कमी आहेत, वेळ बघूनच स्टेशनवर जा. पनवेलला रिक्षावाला पाठदुखीचं सांगत होता. आईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. उतरताना लीलाताईंनी बांधून दिलेली पोपटी त्याच्या हातात ठेवली. माझा डबा होता तो! 

आठवडा झाला. कपड्यांचा धुराचा वास गेला, ते "बघू" मात्र घरात रेंगाळत राहिलं. मावशींची सून परत आली का? ते मी इथे लिहिणार नाही. एवढं तर मीही शिकले.

रविवारी उपासना सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं. मावशी आल्या, आईंच्या शेजारी बसल्या आणि पदर सारखा केला. दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा आई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी श्वास रोखला. मी तर डोळे मिटलेच नाहीत.

"प्रभू," आई म्हणाल्या. मग एक डोळा उघडून शेजारी मावशींकडे पाहिलं. 

"तुला ठाऊक आहे."

आणि बसल्या. कुणाला काय करावं ते कळेना. पहिलं "आमेन" मार्थामावशींचं आलं, भिंतीला आपटून परत येईल एवढ्या मोठ्याने.