चारचौघात लिहिणारा

आर्वीच्या बसस्टँडवर तो मला रोज दिसायचा. व्हीलचेअरवर बसलेला, दोन्ही हात मांडीवर निपचित, गळ्यात मोबाइल. तो आपली कथा बोलायचा आणि मोबाइल ती लिहून घ्यायचा. वाक्य जिभेवर नीट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचा.

एकदा भर गर्दीत म्हणाला, "त्याच्या दाढीले कापूस चिकटला होता, अन् मी त्याच्या प्रेमात पडलो."

शेजारच्या बाकावर बसलेल्या मावशी टकमक बघू लागल्या. यानं दाढीच्या जागी मिशी घालून तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं.

मी दार लावून लिहिणारा माणूस. न राहवून विचारलं, "घरी बसून काऊन नाई लिहीत?"

"हात चालत असते तर मीही चोरूनच लिहिलं असतं, भाऊ," तो हसला. "आता जे वाक्य चारचौघात बोलायची हिंमत होते, तेच ठेवतो."

मावशींची एसटी लागली. त्या उठल्या नाहीत.

"मंग?" त्यांनी त्याला विचारलं, "त्याले सांगतलं का नाई तू?"