सासूबाईंचे लाल डोळे

लग्न होऊन मी उत्रोलीला आले, त्याच वर्षी सासूबाईंना काचबिंदू निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि ते कधीही बंद करायचे नाहीत, असं बजावलं. थेंब घातले की त्यांचे डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे आणि पाणी वाहायला लागायचं. पदरानं डोळे पुसतच त्या भाताच्या खाचरावर जायच्या.

आळीतल्या बायकांनी लगेच ठरवून टाकलं, की नवी सून सासूला रडवते.

सासूबाई सांगायच्या, "न्हाई गं, औषधानं झोंबतंय." त्यावर बायका म्हणायच्या, "बघा, सुनेला कशी सांभाळून घेत्यात. लई गुणाच्या." बातमी भोरला माझ्या माहेरी पोचली आणि आई एसटीनं येऊन मलाच रागावून गेली.

शेवटी खरं काय ते कळावं म्हणून मी सासूबाईंना ओट्यावर बसवलं आणि सगळ्यांसमोर थेंब घातले. डोळे लाल झाले, धारा लागल्या. समोरची म्हातारी म्हणाली, "आता तर सून डोळ्यातच काहीबाही घालाय लागली."

मी घरात जाऊन रडले. सासूबाई मागोमाग आल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, थोडे दिवस थेंब बंद ठेवूया का?"

"न्हाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "नजर माझी हाय. नाव तर तुझंच जातंय."

मग आम्ही दोघीही हसत बसलो. थेंब पुढं कायम मीच घातले आणि त्यांची नजर टिकली. माझी बदनामी मात्र धाकटी जाऊ घरात आल्यावर आपोआप तिच्याकडे गेली.