तिघांच्या सीटवरचं युकुलेले

संध्याकाळी कन्नड गावाला जाणाऱ्या एसटीत रोज माझ्याशेजारी बसणारे एक गृहस्थ आहेत. "ऑफिस नाय, घर नाय, आपला टाइम लई झालं तर एवढाच," असं ते जांभई देत सांगतात.

या वेळात वाजवायला त्यांना युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारसारखं वाद्य, घ्यायचं होतं, पण आकार ठरेना. औरंगपुऱ्यातल्या दुकानात त्यांनी मला आणि दुकानदाराला बाकावर, गाडीतल्या तिघांच्या सीटसारखं, दोन्हीकडून खेटून बसवलं आणि मध्ये बसून एकेक वाजवून पाहिलं. मोठ्याचं टोक दुकानदाराच्या हनुवटीला लागलं.

"नाय जमायचं. गाडीत भांडणं होतील."

सगळ्यात लहान घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मांडीवर घेऊन बसले आणि गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत माझ्या खांद्यावर झोपले. कन्नडपर्यंत युकुलेले मीच धरून बसलो.